बोर्डो लावा, पण ‘सर्व’ झाडांना का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर पावसाळ्याआधी फळबागेत काय काय करावे, याचा एक लेख आला होता. लेख उपयुक्त होता, कात्री काढून मी तो कापूनही ठेवला. त्यातल्या एकाच वाक्याबद्दल हे पत्र आहे, खरे तर एकाच शब्दाबद्दल. ‘सर्व फळझाडांच्या खोडाची साल खरवडून, बुंध्याला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावावी’, असे ते वाक्य होते. (बोर्डो म्हणजे मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना यांचे बुरशीनाशक मिश्रण.) माझा आक्षेप ‘सर्व’ला आहे. कोणत्या झाडाला, कोणत्या रोगासाठी, रोग नसेल तर कशासाठी, यातले काहीच पुढे नव्हते. मात्रा होती, दुखणे नव्हते. डॉक्टरने असे केले तर आपण त्याच्याकडे पुन्हा जाऊ का?

मी शास्त्रज्ञ नाही. पुण्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे सहायक होते. म्हणजे मीडिया (सूक्ष्मजीव वाढवायचे खाद्य) शिजवणे, ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) लावणे, पेट्री प्लेटा ओतणे, आणि मुलांनी विसरून ठेवलेल्या, बुरशी उगवलेल्या प्लेटा धुणे. त्या धुता धुताच बुरशी ओळखायला शिकले. सासर सासवडच्या पलीकडचे. दीड एकर अंजीर आणि बांधाकडेला सीताफळाची साठ-सत्तर झाडे. बाग धाकटे दीर बघतात. मी कोथरूडला राहते आणि शनिवारी बसने दिवे घाट चढून जाते. मदतीला कमी, लुडबुडीला जास्त, असे त्यांचे मत आहे.

गेल्या मे महिन्यात अशीच गेले, तर अंजिराची झाडे शाळेतल्या पोरांनी निळे मोजे घालावेत तशी ओळीने उभी. मोरचुदाचा तो निळा रंग दिसायला सुरेखच असतो, बाग कशी टापटीप वाटते. मला तर शंका आहे की निम्मे लोक या दिसण्यासाठीच पेस्ट लावतात. पुढच्या ओळीत एक मुलगा गोणपाटाने खोड घासत होता आणि खाली राखाडी-हिरवट पापुद्र्यांचा सडा पडला होता. मी दोन पापुद्रे उचलले आणि विचारले, “भावजी, हे का खरवडता?”

“वहिनी, बुरशी आहे ती. झाड खाते.”

“ही तुम्ही परवा आमटीत खाल्लीत.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. पण खोटे काय होते त्यात? गोडा मसाल्यातले दगडफूल म्हणजे शैवाकच, अगदी हेच नव्हे, पण याच्याच गोतावळ्यातले. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून आपण ते तोळ्याच्या भावाने आणतो, आणि झाडावर दिसले की रोग म्हणून खरवडतो. शैवाक म्हणजे एक बुरशी आणि एक शेवाळ यांचा संसार. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हावर अन्न शिजवते. दोघांना झाडाकडून लागते ती फक्त बसायला जागा. त्यांची मुळे सालीच्या आत जाऊन रस ओढत नाहीत, कारण त्यांना मुळेच नसतात. आजारी झाडावर ते जास्त दिसतात हे खरे आहे, पण कारण उलटे आहे: झाड खंगले की पाने विरळ होतात, खोडावर ऊन पोचते, आणि उन्हाला शैवाक येते. दुखणेकऱ्याला भेटायला आलेल्या पाहुण्यानेच दुखणे आणले, असे म्हणण्यापैकी हे झाले.

शैवाक निदान डोळ्यांना दिसते. त्याच्या आसपास जे दिसत नाही, त्याची कथा मोठी आहे.

झाडाची बाहेरची साल ही मेलेली असते, म्हणून आपण तिला निर्जीव धरतो. पण वाडा जुना झाला म्हणजे रिकामा झाला असे नव्हे. सालीच्या भेगांत धूळ साठते, पावसाचे पाणी फांद्यांवरून ओघळत खोडावर येताना पानांवरची साखर, परागकण, पाखरांची विष्ठा घेऊन येते, आणि त्यावर जिवाणू, यीस्ट, बुरशी यांची वस्ती जगते. सफरचंद आणि पेअरच्या सालीवरची ही वस्ती उत्तर इटलीतल्या संशोधकांनी डीएनए वाचून तपासली. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले ते असे, की सालीचे वय बदलले की वस्ती बदलते आणि झाडाचा वाण बदलला की तीही बदलते. म्हणजे कोवळ्या फांदीवर राहणारी मंडळी वेगळी आणि जून बुंध्यावरची वेगळी. त्यांच्यात उपद्रवी असतात, तसे त्या उपद्रव्यांना जागा न देणारेही असतात. जागा न देणे ही सुद्धा राखणच आहे. एसटीत सीट भरलेली असली की पाकीटमार दारातच लोंबकळतो.

हे वाचून मला स्वस्थ बसवेना. घरी एक उद्योग केला. दोनशे ग्रॅम बटाटा उकडून त्याचे पाणी गाळले, त्यात वीस ग्रॅम साखर आणि वीस ग्रॅम अगर (गोठवणारी पूड) घालून एक लिटर मीडिया केला. प्रयोगशाळेत साखरेऐवजी डेक्स्ट्रोज घालतात, एवढाच फरक. स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर साधारण ऑटोक्लेव्हच्याच दाबाला काम करतो. वीस मिनिटे ठेवला. जिवाणूंचा गलका कमी व्हावा म्हणून ओतण्याआधी लिंबाचा रस घातला. जुन्या ओळखीवर काही प्लेटा मिळाल्या होत्या. निर्जंतुक कापूस ओला करून पाच पेस्ट लावलेल्या आणि पाच न लावलेल्या झाडांच्या खोडावर, कंबरेच्या उंचीला, रुपयाएवढ्या जागेवर फिरवला आणि प्लेटेवर ओढला. पेस्ट लावून तेव्हा दीड महिना झाला होता.

चौथ्या दिवशी न लावलेल्या झाडांच्या प्लेटा म्हणजे तुळशीबागेतला बांगड्यांचा स्टॉल. गुलाबी यीस्ट, शेवाळी रंगाचे क्लॅडोस्पोरियम, आधी सायीसारखे दिसून मग काळे पडणारे चकचकीत ऑरिओबेसिडियम, आणि दोन प्लेटांत हिरव्या वर्तुळांचे ट्रायकोडर्मा. पेस्ट लावलेल्यांत तुरळक ठिपके, आणि जे होते तेही बहुतेक एकाच काळसर जातीचे. माझ्या सरांनी हे बघितले असते तर पहिला प्रश्न विचारला असता, “पाच झाडांवर काय ठरवता?” बरोबरच आहे. बटाट्याच्या मीडियावर उगवणारे तेवढेच मी पाहिले. निसर्गातले बहुतेक सूक्ष्मजीव प्लेटेवर उगवतच नाहीत. याला कोणी संशोधन म्हणू नये. पण मला एवढे मात्र कळले, की आपण रिकाम्या भिंतीला रंग देत नव्हतो.

त्यातले ट्रायकोडर्मा पाहून मला हसू आले आणि रागही आला. कारण रोगट बुरशांना खाणारी हीच मित्रबुरशी आम्ही दोन वर्षांपूर्वी पैसे देऊन आणली होती. मूळकुजीची भीती म्हणून दुकानदाराने सांगितले, आधी कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करा, म्हणजे द्रावण मुळांशी ओता, मग आठवड्याने ट्रायकोडर्मा शेणखतात मुरवून आळ्यात टाका, म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त. भावजींनी तसे केले. मी मागाहून पुडा वाचला, तर त्यावर बारीक अक्षरांत छापले होते की रासायनिक बुरशीनाशकासोबत वापरू नये. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशीचे विभाजन थांबवते, आणि ट्रायकोडर्मा त्याला फार हळवे असते. विकतची मित्रबुरशी विकतच्याच विषात उतरवली. दोन्ही बिले एकाच दुकानाची. दुकानदाराला दोष देत नाही. त्याला जे सांगून माल दिला जातो, तेच तो पुढे सांगतो. पण ‘बुरशीनाशक’ या शब्दात ‘मित्र सोडून’ असे कुठे लिहिलेले नसते, हे कुणीतरी सांगायला हवे ना?

आता ‘सर्व’ हा शब्द आला कुठून, ते पाहू. बुंध्याला पेस्ट लावण्याचा सल्ला संत्रा-मोसंबीच्या बागायतदाराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि तिथे तो खरा आहे. तिकडे डिंक्या नावाचा रोग येतो, बुंध्याची साल कुजून डिंक गळतो. तो फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, आणि हा पावसाच्या शिंतोड्यांबरोबर मातीतून बुंध्यावर चढतो. म्हणून पावसाच्या आधी आणि नंतर, जमिनीपासून दोन-तीन फूट. प्रत्येक शब्दाला कारण आहे. तोच सल्ला कारण गाळून अंजीर, सीताफळ, पेरू, डाळिंब सगळ्यांना लागू झाला की त्याचे व्रत होते. दर वर्षी करायचे, का ते विचारायचे नाही. गंमत अशी की फायटोफ्थोरा ही खरी बुरशीच नाही, तिचे कुळ वेगळे. कार्बेन्डाझिमचा तिच्यावर परिणाम होत नाही. म्हणजे एखाद्याने बोर्डोऐवजी डिंक्यासाठी कार्बेन्डाझिम फासले, तर बुंध्यावरच्या निरुपद्रवी बुरशा मरतात आणि ज्याच्यासाठी एवढे केले तो मोकळ्या अंगणात बसतो. तांब्याचे तसे नाही, ते जिवाणू, बुरशी, फायटोफ्थोरा, शैवाक सगळ्यांवर चालते.

बोर्डोचा जन्मच मुळी एका योगायोगातून झाला. फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडायचे, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. निळी पडलेली द्राक्षे कोण खाणार? १८८२ मध्ये मिलार्डे या प्राध्यापकाच्या लक्षात आले, की केवडा रोगाने सगळा मळा झडला, पण रस्त्याकडेचे वेल हिरवे आहेत. तीन वर्षे खटपट करून १८८५ मध्ये त्याने मिश्रण जाहीर केले. चोरावरचे औषध रोगाला लागू पडले. मला या गोष्टीत आवडतो तो त्या माणसाचा स्वभाव: कुठे चालते आणि कुठे नाही, हे त्याने ओळीओळीने फिरून पाहिले.

आणि तांबे जाते कुठे? कुठेच नाही. ते मूलद्रव्य आहे, कुजत नाही, उडत नाही. हिशोब सोपा आहे. मोरचुदात वजनाच्या पाव हिस्सा तांबे. एक टक्का बोर्डोसाठी शंभर लिटरला एक किलो मोरचूद. एकरी चारशे लिटर फवारले तर चार किलो मोरचूद, म्हणजे एक किलो तांबे. हेक्टरी अडीच किलो. अशा दोन फवारण्या झाल्या की हेक्टरी पाच किलो. युरोपीय संघाने २०१९ पासून घातलेली मर्यादा हेक्टरी सात वर्षांत अठ्ठावीस किलो आहे, म्हणजे वर्षाला सरासरी चार. आम्ही अंजिराच्या तांबेऱ्याला (पाने गळवणारा बुरशीचा रोग) घाबरून एका हंगामात तीन वेळा फवारलेले आहे, वर बुंध्याची दहा टक्क्यांची पेस्ट वेगळीच, आणि तीही पावसात धुऊन आळ्यातच उतरते. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनी तांबे बांधून ठेवतात, म्हणून लगेच झाड पिवळे पडत नाही. पण साठा वाढतच राहतो, आणि गांडुळांना तो सोसत नाही.

इथे मला कुणी ‘फवारणीच नको’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीत बसवू नये. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या फळाचा भाव टिकवायचा तर तांबेऱ्याने पाने गळू देऊन चालणार नाही. पान गेले की फळ पोसत नाही, हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. छाटणी केली की फांदीच्या कापावर त्याच दिवशी पेस्ट लावावी, यालाही माझा पाठिंबा आहे, कारण जखम ही उघडी असते आणि तिथे राखण करणारी वस्ती अजून बसलेली नसते. खोडकिड्याने पोखरलेल्या जागीही लावा. माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारे एक उदाहरणही सांगून टाकते, कारण लपवून उपयोग नाही. त्याच उत्तर इटलीत द्राक्षाच्या पानांवर पेनकोनाझोल हे बुरशीनाशक मारून पाहिले होते, २०१४ मध्ये ते छापून आले, आणि पानांवरची सूक्ष्म वस्ती बऱ्यापैकी तगून राहिली असे दिसले. म्हणजे प्रत्येक फवारणीने हाहाकार होतोच असे नाही. मात्र पान वर्षाला गळते आणि नवे येते. बुंध्याची साल वर्षानुवर्षे तीच असते आणि पेस्ट तिच्यावर महिनोन्‌महिने चिकटून राहते. पानाचे उत्तर सालीला चिकटवता येईल का, हे तपासल्याशिवाय कोण सांगणार?

आणि तपासायला पुण्याइतकी सोय कुठे आहे? आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, शैवाकांवर तर तिथे अनेक वर्षे काम झाले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यातच. शिवाजीनगरचे कृषी महाविद्यालय १९०७ पासून उभे आहे, मांजरीला द्राक्षाचे राष्ट्रीय केंद्र, आणि खुद्द पुरंदरात जाधववाडीला अंजीर-सीताफळाचे संशोधन केंद्र. चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत सगळे. अंजिराच्या खोडावर कोण राहते, खट्टा बहार (अंजिराचा एक हंगाम) धरताना पाणी तोडून ताण दिला की ते बदलतात का, पेस्ट लावल्यावर किती दिवसांनी परत येतात, एवढे तीन प्रश्न एखाद्या एम.एस्सी.च्या मुलीला द्या. तिला दोन हंगामांचे काम आहे, आणि झाडे आमची वापरू द्यायला भावजी तयार आहेत. (मी विचारले नाही, पण तयार होतील.)

आपल्याकडे माझे मागणे लहान आहे. शेतीच्या पानावर औषधाची मात्रा छापाल तेव्हा त्याच ओळीत रोगाचे नाव छापा. जैविक बुरशीनाशकाची शिफारस असेल तर त्याच्या आधी-नंतर काय मारू नये, तेही छापा. ते मूळ वाक्य मी असे लिहिले असते: ‘संत्रा-मोसंबीच्या बुंध्याला डिंक्यासाठी, आणि इतर फळझाडांच्या छाटणीच्या कापांना व किडीच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावावी, निरोगी साल खरवडू नये.’ जागा दीड ओळ जास्त लागते. तेवढी जाहिरातीतून काढता येईल.

यंदा बरीच वादावादी होऊन विहिरीकडच्या दोन ओळी माझ्या वाट्याला आल्या आहेत. त्यांना फक्त कापांवर पेस्ट, बुंधे मोकळे. बाकी बाग नेहमीप्रमाणे निळी. भावजींनी वहीत दोन्हींची वेगळी नोंद ठेवायचे कबूल केले आहे, आणि माझ्या ओळींतले एक झाड जरी वाळले तरी पुढच्या वर्षी गोणपाट मीच हातात घ्यायचे, असेही ठरले आहे. जूनअखेर पाहिले तेव्हा एका बुंध्यावर, उत्तरेच्या बाजूला, टिकलीएवढे शैवाक परत धरू लागले होते.

कळावे,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
कोथरूड, पुणे

ता. क. : दगडफुलाबद्दल वाचून कुणी बागेतले पापुद्रे खरवडून मसाल्याला वापरू नयेत. खाण्याच्या जाती वेगळ्या, आणि बागेतल्या पापुद्र्यांवर वर्षभराच्या फवारण्या बसलेल्या असतात. आमच्या घरी हा विचार एकाने बोलून दाखवला, म्हणून लिहिते.